शोभेचा नळ : ओळख आधीं, लागवड मागाहून

गुंजवणीच्या खोऱ्यांतील आमच्या एका सभासदांनीं गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका झाडाचा तुकडा आमच्याकडे आणून दिला. अंगठ्याएवढें जाड, पोकळ, पेरापेरांचें खोड. त्यावर दोहों बाजूंस आळीपाळीनें लागलेलीं हातभर लांब पानें. आणि पानांच्या लांबीभर ओढलेले पांढरे-पिवळसर पट्टे. शेजारच्या एका बंगल्याच्या बागेंत हें झाड त्यांनीं पाहिलें, माळ्याकडून दोन कांडीं मागून घेतलीं, परसांतील ओल्या जागेंत खोंचलीं, आणि तीं महिन्याभरांत फुटलीं. रोपवाटिकेंतून आणतांना त्याचें नांव ‘पट्ट्याचा बांबू’ असें सांगण्यांत आलें होतें. सभासदांचा प्रश्न असा कीं, जें झाड इतक्या सहज लागतें व इतकें दाट वाढतें, तें ओढ्याच्या कांठीं लावून भाताच्या खाचराचा दरवर्षीं ढासळणारा बांध सांवरावा काय?

आमचें उत्तर आम्ही आधींच सांगून टाकतों. अंगणांत, कुंडींत, हौसेनें लावावें. ओढ्याच्या कांठीं त्याचें एक कांडेंहि लावूं नये. परंतु हें उत्तर कोणीं केवळ आमच्या शब्दावर मानावें अशी आमची इच्छा नाहीं. शिवाय ह्या झाडाच्या नांवांचा जो घोटाळा आपल्याकडे होऊन बसला आहे, तो निस्तरल्यावांचून पुढील विचारच करतां येत नाहीं.

हें झाड बांबू नव्हे. वनस्पतिशास्त्रांत ज्यास अरुंडो डोनॅक्स म्हणतात त्या मोठ्या नळाचा हा पट्टेदार पानांचा प्रकार आहे. आपल्याकडे ‘नळ’ हा शब्द मात्र एका झाडाचा नाहीं. नदीच्या संथ डोहाच्या कडेनें वाढणारा फ्राग्मायटीस जातीचा नळ, हाहि नळच. मोडी लिहिण्याचे बोरू ज्यांच्या काड्यांचे होत, त्या सर्व पोकळ गवतांसहि लोक बोरूच म्हणत. आणि बोरू मागणाऱ्यास तरी जातीशीं काय कर्तव्य होतें? टोंक नीट तासलें जावें म्हणजे झालें. खरी अडचण ‘देवनळ’ ह्या नांवाची आहे. कित्येक पुस्तकांत मोठ्या नळास देवनळ म्हटलें आहे. उलटपक्षीं आपल्या सह्याद्रीच्या डोंगरमाथ्यावर जें उंच, पांढऱ्या फुलांच्या लांब तुऱ्याचें झाड पावसाळा सरल्यावर फुलतें, त्यासहि देवनळच म्हणतात. त्याचीं ढवळ व रानतंबाखू हीं नांवेंहि प्रसिद्ध आहेत. हें दुसरें झाड गवतहि नव्हे. त्याचें पान तंबाखूच्या पानासारखें रुंद असतें, खोड मोडलें असतां पांढरा चीक येतो, आणि सर्वांग विषारी असतें. वाळलेल्या झाडाचा भुगा नाकांत गेला तरी नाक-घसा झोंबतो. ह्याचें शास्त्रीय नांव लोबेलिया निकोशियानीफोलिया. दोहोंत साम्य एवढेंच कीं खोड उंच व पोकळ असतें. पण नांव एक झाल्यामुळें एकाचा गुण दुसऱ्यास चिकटतो, आणि ‘देवनळाची पानें गुरांस चालतात’ असें कोणीं सहज बोलून गेल्यास, ऐकणारा कोणत्या देवनळाची पेंढी गोठ्यांत नेईल ह्याचा नेम नाहीं. ह्याकरितां आमची विनंती अशी कीं, देवनळ हा शब्द रोपांच्या देवघेवींत वापरूंच नये. शास्त्रीय नांव उच्चारावयास अवघड खरें, परंतु तें एकाच झाडाचें असतें.

आतां ओळखीकडे वळूं. बांबू आणि नळ ह्यांतील भेद शेतकऱ्यास एका मिनिटांत करतां येतो. बांबूचें पान डहाळीस एका बारीक देठानें लागलेलें असतें. तें ओढलें असतां देठाशीं सुटतें. नळाच्या पानास देठच नसतो. पानाचा खालचा भाग खोडास म्यानासारखा वेढून असतो, आणि म्यान जेथें संपतें तेथूनच पातें बाहेर वळतें. मक्याचें ताट ज्यानें हाताळलें आहे त्यास हें वेगळें सांगावयास नको. पट्टे नसतील तर कोंवळा नळ दुरून मक्यासारखाच दिसतो. ऊस म्हणाल तर तो भरीव असतो. नळ कापला कीं पेराच्या आंत पोकळी दिसते. पाणकणसास पेरेंच नसतात, त्याचीं चपटीं पानें बुडापासून सरळ वर येतात. हल्लीं हौदांच्या कडेस जें छत्रीसारखें झाड लावतात, त्याच्या काडीसहि पेर नसतें व सर्व पानें माथ्यावर एका झुबक्यांत पसरलेलीं असतात. हे तीन-चार प्रकार वगळले म्हणजे प्रश्न उरतो तो मोठा नळ आणि आपला नदीकांठचा नळ ह्या दोहोंचा, व तेथें मात्र जाणत्यांचीहि फसगत होते.

मोठ्या नळाचें खोड बुडाशीं एक इंचापर्यंत किंवा त्याहूनहि जाड होतें आणि चांगल्या ओलीच्या जागीं बेट पंधरा-वीस फूट उंच जातें. पातें जेथें म्यानापासून सुटतें तेथें त्याचा तळ रुंद, हृदयाच्या आकाराचा असून दोन्ही अंगांनीं खोडास मिठी मारतो. नदीकांठच्या नळाचें खोड बहुधा बारीक, पानें अरुंद, व तळाशीं ही मिठी इतकी ठळक नसते. पक्की परीक्षा तुऱ्यावर होते. मोठ्या नळाचा तुरा दाट व उभा असतो, नदीकांठच्या नळाचा सैल व बहुधा एका बाजूस कललेला. तुऱ्यांतील एक फूल भिंगाखालीं उकललें तर मोठ्या नळांत रेशमासारखे केस फुलाच्या टरफलावर असतात. दुसऱ्यांत टरफल गुळगुळीत असून केस आंतल्या दांडीवर असतात. शाळेंतील मुलांकडे भिंग असतें. तें मागून घेऊन ही परीक्षा अवश्य करावी. मुलांसहि आपल्या वडिलांचें काम पाहून मौज वाटेल.

पट्टेदार प्रकार ओळखण्यास एवढी खटपट लागत नाहीं. पट्टेच ओळख देतात. पण एक गोष्ट रोपवाटिकावाले सांगत नाहींत, आणि आमच्या मतें सर्व धोका तींतच आहे. हे पट्टे कायमचे नसतात. बेट जुनें होऊं लागलें कीं गड्ड्यांतून मधूनच एखादा निव्वळ हिरवा फुटवा येतो. पट्टेदार पानांत हिरवा भाग कमी, म्हणून त्याची वाढ कमी. हिरव्या फुटव्यास अशी कांहीं उणीव नसते. तो पट्टेदार भावंडांस मागें टाकून वर जातो, व लक्ष न दिल्यास कांहीं वर्षांनीं बेट हिरवेंच होऊन बसतें. म्हणजे आपण कुंडींतील शोभेचें झाड आणावें आणि आपल्या जमिनींत मोठा नळ त्याच्या पूर्ण जोमासह उभा राहावा, असा हा व्यवहार आहे.

त्याचा जोम म्हणजे काय हें पाहावयाचें तर परदेशांत जावें लागतें. भूमध्य समुद्राच्या कांठच्या देशांत हा नळ फार जुना आहे. फ्रान्सच्या दक्षिणेस तो मुद्दाम पिकवितात, व आपल्या लग्नांतील बँडमध्यें जो क्लॅरिनेट वाजतो त्याच्या तोंडांतील पट्टी ह्याच नळाची करतात. पिकविणारे तेथें त्यास सांभाळून असतात. उलट अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तो नेण्यांत आला. हेतु आपल्या सभासदांच्याच मनांतला : पाटांचे व ओढ्यांचे कांठ सांवरावे, आणि छपराला काड्या मिळाव्या. त्यानंतर तेथील सांता आना व इतर नद्यांच्या पात्रांत तो इतका माजला कीं पुराच्या वेळीं उपटून आलेलीं बेटें पुलांच्या खांबांशीं अडकूं लागलीं, आणि तीं काढण्यास सरकारास अनेक वर्षें पैसा खर्चावा लागत आहे. जगांतील अत्यंत उपद्रवी अशा शंभर परक्या जीवजातींची जी यादी निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या तज्ज्ञांनीं केली आहे, तींत ह्या नळाचें नांव आहे.

ह्याचें कारण बी नव्हे. अमेरिकेंत ह्या नळाचें बी उगवणारें आढळलेलें नाहीं. तो पसरतो तो गड्ड्याच्या तुकड्यांनीं आणि खोडाच्या पेरांनीं. ज्या गुणामुळें सभासदांचीं दोन कांडीं महिन्याभरांत फुटलीं, तोच हा गुण. पूर कांठ खणतो, गड्ड्याचा ढेकळासारखा तुकडा सुटतो, कोसभर खालीं वळणावर गाळांत रुततो, आणि तेथें नवें बेट होतें. ऐन उन्हाळ्यांतहि ओल मिळाली तर फुटवा दिवसास दोन-तीन इंच वाढतो, मग त्याच्या सावलींत दुसरें कांहीं उगवत नाहीं.

कांठ धरून ठेवण्याचा जो गुण त्याच्या पदरीं बांधतात त्याविषयींहि आम्हांस शंका आहे. त्याच्या गड्ड्यांची जाळी दाट खरी, पण ती जमिनीच्या वरच्या थरांत पसरते. पाण्यानें कांठ खालून पोखरला म्हणजे सगळी जाळी गालिच्यासारखी एकदम कोसळते व आपल्याबरोबर मातीहि नेते. उथळ मुळांचें दाट झाड वरून भक्कम दिसतें, म्हणून शेतकरी निर्धास्त राहतो. हेंच त्यांतील वाईट.

आतां आपला मुलूख कसा आहे तें पाहावें. भोर, आणि वेल्हे, ज्या तालुक्याच्या राजगड ह्या नांवास २०२४ सालीं राज्य मंत्रिमंडळानें मान्यता दिली, हे दोन्ही तालुके म्हणजे उभ्या डोंगराचा व आडव्या पावसाचा प्रदेश. ओढे आंखूड व तीव्र उताराचे. खाचरें पायऱ्यांसारखीं एकाखालीं एक. वरच्या खाचराचा बांध फुटला कीं खालच्या चौघांचें भात वाळूखालीं जातें. आणि ओढ्यांच्या खालीं आहेत धरणें. वेळवंडीवरील भाटघरचें धरण १९२८ सालीं पुरें झालें, तेव्हांपासून आपल्या डोंगरांवरचें पाणी नीरेच्या कालव्यांनीं बारामती-फलटणकडील उंसास जात आहे. त्यानंतर नीरा-देवघर झालें, गुंजवणी झालें. तिकडे आंबी आणि मोसे नद्यांवर पानशेत व वरसगांव. ह्या प्रत्येक जलाशयाच्या शेपटाशीं, जेथें पावसाळ्यानंतर पाणी हळूहळू ओसरतें व ओला गाळ उघडा पडतो, तेथें नळास हवी तशी जागा आयती तयार असते. ह्याच जलाशयांच्या कांठीं बंगले उठत आहेत आणि त्याच बंगल्यांच्या बागांतून हें झाड येत आहे. आपल्या ओढ्यांत तो माजला आहे असें आम्ही म्हणत नाहीं. माजण्याआधीं बोलावें, एवढाच आमचा हेतु आहे, कारण माजल्यावर बोलून कांहीं साधत नाहीं.

आम्हांस असा प्रश्न विचारण्यांत येईल कीं, नळ तर आपल्या देशांत पुराणकाळापासून आहे, मग आतांच ही ओरड कां? देशांत आहे हें खरें. परंतु देशांत जुना असणें आणि आपल्या ओढ्यांत जुना असणें ह्या दोन गोष्टी निराळ्या आहेत. जो नदीकांठचा नळ आपल्या नद्यांत पूर्वापार आहे, त्याच्याविरुद्ध आमचें कांहींएक म्हणणें नाहीं. तो पाणपक्ष्यांस आसरा देतो व आपली पायरी सोडून खाचरांत येत नाहीं. दुसरा प्रश्न असा येईल कीं, पुण्या-मुंबईच्या बंगलेवाल्यानें आपल्या पैशानें आपल्या आवारांत काय लावावें हें सांगणारे आपण कोण? ह्यास आमचें उत्तर आहे कीं, बंगलेवाला शनिवारीं येतो व रविवारीं जातो. त्याच्या आवाराच्या भिंतीखालून वाहणारा ओढा मात्र आठहि दिवस आपल्या खाचरांतून जातो. बागेच्या छाटणीचीं कांडीं माळी कोठें टाकतो? भिंतीपलीकडे, ओढ्यांत. तेथपासून तीं कोणाचीं होतात हें सांगावयास नको. आणि पुष्कळदां हा माळी आपल्याच गांवचा, आपल्याच भावकींतला असतो. तेव्हां दोष एकट्या शहरवाल्याच्या माथीं मारूनहि चालणार नाहीं. ग्रामपंचायतीच्या सभेंत हा विषय निघावा, बंगल्यांचे मालक व माळी ह्यांस बोलावून छाटणीचा पाला ओढ्यांत टाकूं नये एवढें तरी ठरवावें, असें आम्ही सुचवितों. कज्जा न करतां होण्यासारखी ही गोष्ट आहे.

ह्या झाडाशीं आमचें वैर आहे असा मात्र ग्रह होऊं नये. सकाळच्या उन्हांत पट्टेदार नळाचें बेट वाऱ्यावर हलतांना ज्यानें पाहिलें आहे, तो त्याचा मोह धरणाऱ्यास हंसणार नाहीं. आपल्यापैकीं कित्येकांनीं बंगल्यांस रोपें पुरविण्याचा जोडधंदा सुरू केला आहे, व त्यांत हें झाड विकलें जातें. म्हणून तें कसें वाढवावें हेंहि सांगणें आमचें काम आहे. मोठी सिमेंटची कुंडी किंवा बूड शाबूत असलेलें पिंप घ्यावें. पाण्याच्या निचऱ्याचीं भोंकें बारीक ठेवावीं व कुंडी फरशीवर ठेवावी, मातीवर ठेवूं नये, नाहींतर मुळें भोंकांतून खालीं उतरतात. निम्मी माती, निम्में कुजलेलें शेणखत पुरे. जागा भरपूर उन्हाची हवी. सावलींत खोड लुळें पडतें व पट्टे फिके होतात. गड्ड्याचा एक डोळा असलेला तुकडा ज्येष्ठांत लावला म्हणजे आषाढाच्या पावसावर तो आपोआप धरतो, मात्र पाऊस उघडल्यावर पाणी चुकवूं नये. पट्टे सर्वांत उजळ दिसतात ते नव्या फुटव्यावर. म्हणून दरवर्षीं फाल्गुनांत सर्व खोडें बुडाशीं कापून टाकावीं. उन्हाळा वाढला कीं पांढरे पट्टे पिवळट होतात, तो रोग नव्हे. हिरवा फुटवा दिसतांच नुसता कापूं नये, गड्ड्यापाशीं खणून त्याचा डोळा काढावा. दोन-तीन वर्षांनीं कुंडी मुळांनीं फुटावयास येते तेव्हां गड्डा वाटून घ्यावा. विकणाऱ्यानें रोपावर खरें नांव लिहावें, बांबू म्हणून विकूं नये, आणि घेणाऱ्यास दोन शब्दांत सांगावें कीं हें कुंडींतच ठेवावयाचें आहे. अशानें गिऱ्हाईक जातें असें आम्हांस वाटत नाहीं. उलट खरें सांगणाऱ्याकडेच तें पुन्हां येतें.

नहाणीच्या किंवा मोरीच्या पाण्यावर कांहीं शोभेचें लावावयाचें असेल तर आपली परसदारची कर्दळ काय वाईट आहे? ती मूळची अमेरिकेची खरी, पण आपल्या परसांत मुरलेली आहे. तिचें कॅना हें शास्त्रीय नांवहि, गंमत अशी कीं, ग्रीक भाषेंतील नळाच्या नांवावरूनच पडलें आहे. सांडपाणी शुद्ध करण्याच्या वाफ्यांत ती हल्लीं मुद्दाम लावतात.

आणि बांधाचा प्रश्न, ज्यापासून ही सर्व हकीकत निघाली, त्यास आमच्या मतें वाळ्याइतकें चांगलें उत्तर नाहीं. वाळ्याचें थोंब जागचें जागीं वाढतें, आडवें धांवत नाहीं. मुळें मात्र सरळ खालीं दहा फुटांपर्यंतहि जातात. बांधाच्या बाहेरच्या अंगास वीतभर अंतरानें एक ओळ मृगाच्या पावसावर लावली तर दोन वर्षांत दाट कुंपण होतें व त्याच्या मागें माती थोपते. ओढ्याच्या अगदीं कडेस वाळुंज, करंज, उंबर, निर्गुडी हीं आपलीं झाडें जेथें आपण होऊन आलीं आहेत तेथें तीं सरपणासाठीं तोडूं नयेत. कांठ नवीन झाडानें सांवरण्याच्या आधीं आहे तें झाड राखणें स्वस्त पडतें. पण हा खर्च वहींत दिसत नाहीं म्हणून आपण तो मोजीत नाहीं.

ज्यांनीं ओढ्याकांठीं नळ लावून टाकला आहे त्यांनीं वाट पाहूं नये. नुसता कापल्यानें तो मरत नाहीं, जाळल्यानेंहि नाहीं. वरचा भाग जळतो, गड्डा पावसाबरोबर पुन्हां फुटतो, आणि वाळलेलें बेट डोंगरच्या वणव्यास आयतें इंधन होतें. ओढ्यांत तणनाशक मारण्याचा सल्ला आम्ही देणार नाहीं. खालीं गुरें पाणी पितात. चैत्र-वैशाखांत ओढा आटलेला असतां कुदळ-पहारेनें गड्डा समूळ खणावा, एकहि तुकडा न सांडतां कातळावर नेऊन पसरावा, व तो खडखडीत वाळून कोळपला म्हणजे मग जाळावा. पहिल्या पावसानंतर पंधरा-पंधरा दिवसांनीं जागा पाहत राहावी. राहिलेला डोळा तेव्हां वर येतो. दोन पावसाळे असें केलें म्हणजे बहुधा निकाल लागतो.

आमच्या त्या सभासदांनीं आपल्या परसांतील दोन्ही रोपें काढून पिंपांत लावलीं आहेत व बांधावर वाळा लावण्याचें ठरविलें आहे. ज्या वाचकांस आपल्याकडील झाडाविषयीं शंका असेल त्यांनीं एक पेर, त्यास लागलेलें म्यानासह पान, आणि मिळाल्यास तुरा, वर्तमानपत्राच्या कागदांत कोरडा गुंडाळून आमच्याकडे पाठवावा. ओल्या फडक्यांत पाठवूं नये, वाटेंतच त्यास मुळें फुटतात.